लेकराच्या हाकेला ओ कोण देतं?

‘मॅडम, दिल्याबिगर घासच घेत नाही. काढून घेतला की तासभर रडतंय. मग तुम्हीच सांगा, म्या काय करू?’

मोठ्या मुलीचं नाव पहिलीला घालायला आलेली ही आई शाळेच्या व्हरांड्यात बसली होती. मांडीवर दोन वर्षांचं लेकरू, हातात दूध-भाकरीच्या काल्याची वाटी आणि समोर दप्तराला टेकवून ठेवलेला मोबाइल. गाणं चालू होतं तोवर लेकरू तोंड उघडत होतं. मध्येच जाहिरात लागली की तोंड बंद. आईनं अंगठ्यानं जाहिरात घालवली की पुन्हा तोंड उघडं. वाटी संपली, पण त्यानं एकदाही वाटीकडं पाहिलं नाही. आईकडंही नाही.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर 19 वर्षांपासून पहिलीचा वर्ग घेते. लहान लेकरं आणि मोबाइल हा विषय पालक सभेत निघाला नाही, असं गेल्या पाच-सहा वर्षांत झालेलं नाही. आजोबा कौतुकानं सांगतात, ‘नातू अजून धड बोलत नाही, पण यूट्यूब बरोबर लावतो.’ वडील म्हणतात, ‘पोरं वाया चाललीत, घरात मोबाइलच नको.’ आई बहुतेक वेळा गप्प असते. बंदीचा हुकूम कुणीही काढो, संध्याकाळी सहा ते आठ चूल, धारा, भांडी आणि लेकरू हे सगळं एका वेळी तिलाच बघायचं असतं.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या सोनिया लिव्हिंगस्टन आणि अ‍ॅलिशिया ब्लम-रॉस यांनी तिथल्या कुटुंबांचा बराच काळ अभ्यास केला. त्यांना पालकांच्या तीन तऱ्हा दिसल्या. काही जण तंत्रज्ञानाला जवळ करतात, काही विरोध करतात, तर काही रोजच्या रोज मधला मार्ग शोधत राहतात. आमच्याकडं या तिन्ही तऱ्हा एकाच घरात, एकाच चुलीवर जेवतात. त्यामुळं लेकराला सकाळी एक नियम असतो, दुपारी दुसरा आणि आजी-आजोबांजवळ गेलं की तिसरा.

ही ओढाताण आली कुठून, हे बघितलं तर कुणा एकाला दोष देता येत नाही. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट एकदम स्वस्त झालं. ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांच्या घरांची ‘असर’ ही शिक्षणविषयक पाहणी सांगते की 2018 मध्ये 36 टक्के घरांत स्मार्टफोन होता आणि 2022 मध्ये तो सुमारे 75 टक्के घरांत पोचला. यातला मोठा हिस्सा कोरोनाच्या काळातला. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्ही शिक्षकच घरोघर सांगत फिरलो, ‘फोनचं तेवढं बघा, अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर येणार आहे, दीक्षा अ‍ॅप घ्या.’ कुणी शेळी विकून फोन घेतला, कुणी हप्त्यावर. फोन म्हणजे शिक्षण, हे मी स्वतः लोकांच्या मनात भरवलं. तीच मी आता म्हणते, लेकराच्या हातातला फोन काढा. पालक गोंधळले तर नवल नाही. म्हणूनच ‘मोबाइल वाईट’ एवढं म्हणून मला थांबता येत नाही. नेमकं काय वाईट, कधी आणि का, हे नीट सांगणं मी त्यांचं देणं लागते.

त्यासाठी लेकरू बोलायला कसं शिकतं, इथून सुरुवात करावी लागेल. सहा महिन्यांचं बाळ ‘आगू’ म्हणतं. आई म्हणते, ‘आगू का? कुठं गेला आगू?’ बाळ पाय झाडतं आणि पुन्हा ‘आगू’ म्हणतं. बाळानं हाक मारली, आईनं ओ दिली, असं दिवसातून शेकडो वेळा होतं. आपण याला खेळवणं म्हणतो, पण मेंदूच्या दृष्टीनं हेच खरं शिक्षण आहे. आपण आवाज काढला की जग उत्तर देतं, हे बाळाला इथं कळतं, आणि भाषा त्याच धाग्यावर विणली जाते.

अमेरिकेत सिअ‍ॅटलला पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये याचा एक फार बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. घरात फक्त इंग्रजी ऐकणारी नऊ महिन्यांची बाळं त्यांनी घेतली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी बाई स्वतः बसली, खेळणी दाखवली, पुस्तकं वाचली, अशी 12 सत्रं झाली. दुसऱ्या गटाला तीच बाई, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. नंतर तपासलं तेव्हा समोरासमोर ऐकलेली बाळं चिनी भाषेतले बारीक ध्वनी ओळखू लागली होती, जवळपास चिनी घरात वाढणाऱ्या बाळांइतकीच. टीव्हीवाल्या बाळांच्या पदरात काहीच पडलं नव्हतं. तोच आवाज, तेवढाच वेळ. फरक एवढाच की पडद्यातल्या बाईला बाळ दिसत नव्हतं आणि बाळानं हुंकार दिला तरी तिचं आपलं चालूच होतं.

म्हणून ‘इंग्रजी कविता लावून देते, तेवढंच कानावर पडेल’ असं एखादी आई म्हणते तेव्हा माझा जीव तुटतो. तिची धडपड खरी आहे. आपल्याला आलं नाही ते लेकराला यावं, ही तळमळ आहे. पण दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडद्यावरून भाषा फारशी लागत नाही. त्यापेक्षा भाकरी थापताना ती जे बोलते, ‘हे बघ, पीठ घेतलं, पाणी घातलं, आता थाप थाप थाप,’ त्यातून त्याला किती तरी जास्त मिळतं. आपली बोली गावंढळ आहे, तिच्यातून काय शिकणार, असं पुष्कळ आयांना वाटतं. तसं मुळीच नाही. ओ कोणत्या बोलीत आली याला लेकराच्या लेखी काही महत्त्व नसतं, ओ आली पाहिजे.

आणि आजोबांच्या कौतुकाबद्दल. यूट्यूब लावता येणं ही लेकराची हुशारी कमी आणि तो पडदा बनवणाऱ्यांची जास्त. एका बोटानं, न वाचता सगळं चालावं अशीच त्याची रचना असते. घास उचलणं, गुंडी लावणं, खडू धरणं यांना बोटांची जी ताकद लागते ती पडद्यावर बोट फिरवून येत नाही.

मग सगळेच पडदे सारखे का? नाहीत, आणि आमच्या भागाला ही गोष्ट फार जवळची आहे.

दसरा-दिवाळी झाली की बीड, धाराशिव, जालना, परभणी या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर जातात आणि हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. काही लेकरं बरोबर जातात, काही आजीजवळ राहतात. माझ्या शाळेजवळच्या एका घरात अशीच तीन वर्षांची मुलगी आजीजवळ असते. संध्याकाळी गाडी भरून झाली की आईचा व्हिडिओ कॉल येतो. एका संध्याकाळी मी तिथं होते. मुलीनं ताटलीतला भाकरीचा तुकडा उचलला आणि मोबाइलच्या काचेला लावला. तिकडं फडावरच्या कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या दाराशी बसलेल्या आईनं ‘आऽ’ केलं आणि खरोखर काही तोंडात असल्यागत चावलं. ‘मीठ कमी पडलंय गं,’ म्हणाली. मुलगी आजीकडं वळून, ‘मीठ दे, आईला मीठ दे.’ आजीनं चिमूटभर मीठ दिलं, पुन्हा घास काचेला.

हाही मोबाइलच. पण इथं हाक गेली की ओ येत होती. रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ या संशोधकांनी 2014 मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवे शब्द शिकवून पाहिले. व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या माणसाकडून मुलं शिकली, समोरच्या माणसाकडून शिकावीत तशीच. आधी भरून ठेवलेल्या व्हिडिओतून शिकली नाहीत. बालरोगतज्ज्ञांची इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही संस्था दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा अजिबात नको म्हणते, पण नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलला तिची सूट आहे, ती याच कारणानं. फडावरच्या आईबापांनी मनात कसलीही अपराधी भावना न ठेवता कॉल करावा. रोज करावा.

त्या संध्याकाळी पुढं नेटवर्क गेलं आणि आईचा चेहरा काचेवर गोठला. तोंड अर्धं उघडं, डोळे स्थिर. मुलगी आधी हसली. मग ‘आई’ म्हणाली, काच ठोकली, पुन्हा ‘आई, ए आई.’ मग तिनं तोंड फिरवलं आणि आजीच्या पदरात घुसून रडायला लागली.

एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकात प्रयोगशाळेत जवळजवळ हेच दाखवलं होतं. आई बाळाशी बोलते, हसते. मग तिला सांगितलं जातं, बाळासमोरच बस, पण चेहरा दगडासारखा ठेव, काही उत्तर देऊ नको. बाळ हसून बघतं, हात पुढं करतं, आवाज काढतं, आणि काहीच होत नाही म्हटल्यावर मान वळवतं, रडतं. आई कुठं गेलेली नसते, समोरच असते. बाळाला सोसत नाही ते तिचं उत्तर न देणं.

आता हे आपल्या घरात आणून बघा. लेकरू गुडघ्याला धरून ‘बाबा, बाबा, ते बघा’ म्हणतंय आणि बाबा रील बघत ‘हं’ म्हणतायत. चेहरा समोर आहे, पण गोठलेला. लेकराच्या मोबाइलबद्दल आपण जेवढं बोलतो त्याच्या चौथा हिस्साही आपल्या स्वतःच्या मोबाइलबद्दल बोलत नाही. आईवडील पडद्यासमोर जेवढा वेळ असतात, मुलंही तेवढीच जास्त असतात, हे पाहण्यांमधून दिसून आलेलं आहे. टीव्हीचंही तेच. अमेरिकेत 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन महिने ते चार वर्षं वयाच्या मुलांच्या अंगरख्यात बारीक रेकॉर्डर ठेवला होता. घरात टीव्हीचा आवाज चालू असलेल्या दर तासामागं मुलाच्या कानावर पडणारे मोठ्या माणसांचे शब्द सुमारे 770 नी कमी झालेले आढळले. टीव्ही लेकरासाठी लावलेला नसला, मालिका आजीचीच असली, तरी घरातलं बोलणं आटतं. संध्याकाळी सगळे घरात असतानाच्या त्या दोन तासांत टीव्ही बंद ठेवता आला, तर दुसरे कुठलेही नियम करण्याआधी एवढं करा, असं मी सांगते.

व्हरांड्यातल्या आईच्या प्रश्नाकडं येते, म्हणजे घास आणि रडणं.

जेवतानाही लेकरू हाकच मारत असतं, फक्त शब्दांनी नाही. पोट भरलं की मान फिरवतं, घास थुंकतं, वाटी ढकलतं. त्या हाकेला ओ देणं म्हणजे थांबणं. मोबाइल लावला की ही हाक त्याचीच त्याला ऐकू येत नाही. लक्ष पडद्यात असल्यामुळं भूक किती आणि पुरे कधी हे कळत नाही. वाटी रिकामी होते, म्हणून आपल्याला जिंकल्यासारखं वाटतं. पण त्याला चव, वास, स्वतःच्या हातानं कालवणं यातलं काही मिळालेलं नसतं. निरोगी लेकरानं एका वेळी चार घास कमी खाल्ले तर पुढच्या वेळी ते भरून काढतं. वजन खरंच कमी असेल तर अंगणवाडीताईंकडच्या काट्यावर दर महिन्याला बघता येतं, आणि तेव्हा डॉक्टरांकडं जावं. त्यावर मोबाइल हा उपाय नाही.

रडण्याचं थोडं वेगळं आहे. राग आला, हट्ट मोडला की आपलं मन आपणच आवरायचं, हे लेकरू कुणाच्या तरी कुशीत शिकतं. आधी दुसऱ्यानं शांत करावं लागतं, मग हळूहळू स्वतःला जमतं. मिशिगन विद्यापीठातल्या जेनी रॅडेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर 2022 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. रडणं थांबवायला वारंवार फोन दिला जात होता, त्या मुलांचा चिडखोरपणा पुढच्या काही महिन्यांत वाढलेला दिसला, मुलग्यांमध्ये आणि मुळातच तापट असलेल्या मुलांमध्ये जास्त. फोन लगेच काम करतो, तीच अडचण आहे. आज रडणं दोन मिनिटांत थांबतं, आणि उद्याच्या रडण्याला लेकराकडं दुसरा उपायच उरत नाही. बसमध्ये, दवाखान्यात, लग्नात एखाद्या वेळी दिला म्हणून काही बिघडत नाही. दर वेळी तोच उपाय, हे घातक.

फोन काढून घेताना ‘दोन मिनिटांत बंद करणार हं’ असं बजावण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका अभ्यासात असं दिसलं की या इशाऱ्यानं रडारड कमी न होता उलट वाढते. गाणं संपतं त्या ठिकाणी, आपसूक येणाऱ्या शेवटाला बंद केलं तर मुलं सहज सोडतात. दोन वर्षांच्या लेकराला मिनिट कळत नाही, ‘दोन गाणी’ कळतं. म्हणून मी सांगते, गाणी आधीच डाउनलोड करून ठेवा आणि यूट्यूबचा ऑटोप्ले बंद करा. एकामागून एक आपोआप लागत गेलं तर शेवट कधी येणारच नाही.

आकडे विचारणाऱ्यांसाठी: जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या आत पडदा नको, दुसऱ्या वर्षातही टाळावा, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर आणखी बरं. आपल्या बालरोगतज्ज्ञांचं म्हणणंही पाच वर्षांपर्यंत साधारण असंच आहे, तेही सोबत मोठं माणूस असताना. डोळ्यांसाठी बाहेरचा उजेड लागतो. चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज 40 मिनिटं जास्त बाहेर नेलं, तर तीन वर्षांत त्यांच्यातल्या 30.4 टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसू लागलं, आणि तसं न नेलेल्या मुलांत हेच प्रमाण 39.5 टक्के होतं. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच लेकराला बाहेर काढताच येत नाही, पारा बऱ्याचदा 40 च्या वर असतो, आणि नेमक्या त्याच तासांत मोबाइल हातात जातो. तेव्हा सकाळी आठच्या आत आणि दिवेलागणीच्या आधी अंगणात सोडायचं, आणि दुपारसाठी चिंचोके, डबे-झाकणं, पाण्याची बादली, काहीही द्यायचं. वेळ अमावस्येला, आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, अख्खं घर शेतात जातं तेव्हा तीच लेकरं दिवसभर मोबाइल मागत नाहीत. त्या दिवशी कुणी बंदी केलेली नसते. कडब्याच्या कोपीत शिरायचं, आंबील प्यायची, बांधावरून पळायचं, चुलत भावंडांशी भांडायचं, एवढं सगळं समोर असतं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. ‘मोबाइलनं ऑटिझम होतो’ असे व्हिडिओ सध्या फार फिरतात आणि आया धास्तावतात. ऑटिझम हा मेंदूच्या वाढीतला जन्मापासूनचा वेगळेपणा आहे, आईनं मोबाइल दिल्यामुळं तो झाला असं म्हणायला आधार नाही. पण ‘मोबाइलमुळंच बोलत नसेल, बंद केला की बोलेल’ किंवा ‘याचा बाप बी उशिरानंच बोलला’ म्हणत वर्ष घालवणं लेकराला महागात पडतं. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’सारखे दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तर बघत नाही, असं असेल तर फोन बंद करा आणि त्याच आठवड्यात दाखवा. आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, आणि त्याच कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर अशा मुलांसाठी उपचार केंद्रं आहेत. तिथं पैसे लागत नाहीत.

व्हरांड्यातल्या त्या आईला मी एवढं सगळं एका दिवशी सांगितलं नाही. एकच सांगितलं, सकाळचं जेवण मोबाइलशिवाय, वाटी त्याच्या हातात, सांडलं तर सांडू दे. तीन दिवस त्यानं भाकरीला हात लावला नाही, नुसता रडला. सासूबाई चिडल्या, ‘लेकराला उपाशी मारतीस का?’ चौथ्या दिवशी त्यानं काल्यात पाचही बोटं घातली, निम्मं अंगावर, निम्मं तोंडात. दिवाळीनंतर ती भेटली तेव्हा सकाळ आणि दुपार सुटली होती. ‘संध्याकाळी अजून द्यावाच लागतोय, मॅडम. चुलीम्होरं येतंय, भाजंल म्हणून भ्या वाटतंय.’

मी म्हटलं, दे. दोन गाणी दे, आणि तिथूनच बोल त्याच्याशी.

‘बोलतेच की,’ ती म्हणाली. ‘भाकर टाकता टाकता म्हणते, कोण आलं रे? ते म्हणतंय, माऊ. म्हणलं काय करायली माऊ? परवा फोन तसाच खाली ठेवून आलं न् माझा हात धरून दाराकडं वढायला लागलं. बाहेर खरंच मांजर आलं होतं.’